पायलट बुश

(द्वितीय वर्ष, कला)

आमचं गॅरेज कुर्डुवाडी रस्त्याला आहे. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, मागे एक भिंत, पुढे लिंबाचं झाड आणि त्या झाडाखाली वर्षानुवर्षं ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. बार्शीहून एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या बऱ्याच मित्रांनी ते पाहिलं असेल. पण ते माझं आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कारण मी ते कधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी वर्गात प्रत्येकानं उभं राहून ओळख करून दिली, तेव्हा वडिलांचा व्यवसाय सांगताना मी ‘धंदा’ एवढाच शब्द उच्चारून खाली बसलो होतो. सरांनीही पुढं विचारलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अण्णा सातवीत असताना शाळा सोडून गाडीखाली शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत. आईला सही करता येते. माझी पुस्तकं ती रोज फडक्यानं पुसते, पण कुठलं पुस्तक कुठल्या विषयाचं हे ती विचारत नाही. अण्णा मात्र एकदा म्हणाले होते, “बीए झाल्यावर माणूस काय दुरुस्त करतो?” मी हसण्यावारी नेलं. ते मात्र हसले नव्हते.

गेल्या वर्षी डिसेंबरातली गोष्ट आहे. ती सांगायची तर आधी एका लहानशा वस्तूची ओळख करून द्यावी लागेल. प्राध्यापकांनी क्षमा करावी. पण ही वस्तू समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही.

गाडीचं इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. इंजिनाच्या क्रँक शाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती बसवलेली असते. गिअर बॉक्समधून एक दांडा पुढं येतो, त्याच्यावर क्लच प्लेट बसते. पाय पॅडलवर नसतो तेव्हा प्रेशर प्लेट ही क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, म्हणून इंजिन फिरलं की दांडा फिरतो आणि गाडी चालते. पॅडल दाबलं की प्लेट सुटते. इंजिन आपल्या वेगानं फिरत राहतं आणि दांडा त्याच्यापासून मोकळा होतो. आता या दांड्याचं पुढचं टोक अधांतरी राहून कसं चालेल? ते डुगडुगलं तर प्लेट डुगडुगेल, गिअर बॉक्सचं बेअरिंग झिजेल. म्हणून क्रँक शाफ्टच्या टोकाला अगदी मध्यभागी एक भोक असतं. त्यात अंगठ्याच्या पेराएवढी ब्रॉन्झची नळी ठोकून बसवतात आणि दांड्याचं टोक त्या नळीत राहतं. ही नळी म्हणजे पायलट बुश.

गंमत अशी, की क्लच जुळलेला असतो तेव्हा इंजिन आणि दांडा एकाच वेगानं फिरतात आणि बुशाला काहीच काम नसतं. दोघांचे वेग वेगळे होतात त्या थोड्या वेळातच बुश काम करतो. एक फिरतो आहे, दुसरा थांबला आहे, आणि तरीही दोघांना एका रेषेत धरून ठेवायचं, एवढंच त्याचं आयुष्य. सगळ्या गाड्यांत हा बुश नसतो. काहींत त्याच्या जागी लहानसं बेअरिंग असतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांत दोन्हीही नसतं. पण जुन्या जीपमध्ये तो असतो, आणि आमच्याकडं आली होती ती जुनी जीपच.

जीप होती जवळच्या गावातल्या एका बागाईतदार काकांची. उंच बॉनेटची, हरिकेन इंजिनाची पेट्रोल जीप. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली निघालं आणि १९६८ साली बंद झालं. आपल्याकडं महिंद्र कंपनी मात्र त्यानंतरही ते बनवत राहिली. काकांच्या वडिलांनी ती घेतलेली. आता शेतावर तिचा उपयोग नव्हता, पण रविवारी त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि नवरदेव त्याच जीपमधून मारुतीला जाणार असं ठरलं होतं. तक्रार अशी, की गिअर टाकताना करकर आवाज येतो आणि पहिला गिअर पडता पडत नाही.

अण्णा गाडीत बसले. इंजिन चालू करून त्यांनी पॅडलवर नुसता पाय टेकवला. आवाज नाही. मग पॅडल पूर्ण दाबून गिअर टाकला. घर्र्‌ झालं. “नुसता पाय ठेवल्यावर वाजलं असतं तर रिलीज बेअरिंग म्हणालो असतो,” ते म्हणाले, “पॅडल तळाला गेल्यावर वाजतंय. पायलट गेलाय. प्लेट पण संपलीच असणार. खोला.”

शुक्रवारी दुपारी आम्ही खोलायला घेतलं. आम्ही म्हणजे अण्णा, त्यांचा हेल्पर आणि मी. जीपचं काम सोपं नसतं. पायाखालचे पत्रे काढायचे, गिअरचे दांडे काढायचे, पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवायचे, इंजिनाच्या पाठीखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावायचा, मग आडवा मेंबर काढून सगळं धूड मागं ओढून खाली घ्यायचं. अण्णांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. गाडीखाली शिरताना ते पाय हातानं उचलून आत घेतात. मी ते पाहतो आणि पान्हा शोधण्याच्या निमित्तानं दुसरीकडं बघतो.

क्लच निघाला. मधोमध तो जुना बुश होता. भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं, आणि कोरड्या ब्रॉन्झची पिवळी पूड आजूबाजूला उडालेली होती. हा बुश काढायची युक्ती मला फार आवडते. त्याला मागून ठोकायला जागाच नसते, कारण भोक पलीकडं बंद असतं. म्हणून भोकात ग्रीस ठासून भरायचं आणि भोकात बरोबर बसेल असा दांडा घालून हातोडी मारायची. ग्रीस दबत नाही. त्याला पळायला वाट नसते, म्हणून ते बुशाच्या मागं शिरतं आणि बुशालाच बाहेर ढकलतं. पण आमचा बुश इतका झिजला होता, की ग्रीस कडेनं पळून हेल्परच्या तोंडावर उडालं. अण्णा म्हणाले, “कागद आण. रद्दी.”

माझ्या पिशवीत कागद होते. शनिवारी दुपारी चार वाजता कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती आणि माझ्या भाषणाचे तीन कच्चे खर्डे मी बरोबर घेऊन फिरत होतो. पक्का खर्डा पाठ झाला होता. मी कच्चे कागद दिले. अण्णांनी ते पाण्यात भिजवून त्यांचा लगदा केला, भोकात ठासला आणि दांड्यावर हातोडी मारली. आणखी लगदा, आणखी एक घाव. पाचव्या-सहाव्या घावाला बुश सरकला आणि माझ्या निळ्या शाईच्या लगद्यासकट बाहेर आला. भाषणाचा विषय होता ‘श्रमप्रतिष्ठा’. त्या भाषणानं केलेलं खरंखुरं काम तेवढंच.

नवा बुश अण्णांनी आधीच सोलापूरहून मागवला होता. तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा होता. हा ब्रॉन्झ ओतीव नसतो. भुकटी दाबून, भाजून केलेला असतो. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि ती तेल पितात. शनिवारी सकाळी अण्णांनी मला तो दाखवला. एका तोंडाला बोट लावून आत तेल भरलं आणि दुसऱ्या तोंडावर अंगठा दाबला. बुशाच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब आले, कपाळाला घाम यावा तसे. “हा घाम त्याला आयुष्यभर पुरतो,” अण्णा म्हणाले. “वरनं कोण ग्रीस घालायला येणार नसतं.”

दुपारी दीडला अण्णा जेवायला घरी गेले. हेल्पर बोल्ट आणायला गेला. जाताना अण्णा सांगून गेले, “बुश बसव. भोक रॉकेलनं धू, जुनं ग्रीस ठेवू नको. जुना शाफ्ट घालून त्याच्यावर ठोक, सरळ धर, हळू मार.”

जुना शाफ्ट म्हणजे एका भंगारातल्या गिअर बॉक्सचा दांडा. आम्ही तो बुश ठोकायला आणि नंतर क्लच प्लेट मध्यावर धरायला वापरतो. त्याचं टोक बुशात जातं आणि त्याच्या खांद्याचा घाव बुशाच्या सगळ्या तोंडावर सारखा बसतो; आतलं भोकही चेपत नाही. तो शाफ्ट त्या वेळी रॉकेलच्या ट्रेमध्ये पडला होता. तो काढायचा, पुसायचा, म्हणजे पुन्हा कोपरापर्यंत हात भरायचे. मी नुकतेच साबण आणि मातीनं घासून हात धुतले होते. नखांच्या कडा काडीनं कोरल्या होत्या. पांढरा शर्ट खिळ्याला टांगलेला होता. मी गोटी पान्ह्यातली एक गोटी उचलली, बुशावर धरली आणि हातोडी मारली.

बुश तिरका शिरला. मी दुसऱ्या बाजूनं मारलं. तो सरळ झाल्यासारखा वाटला, म्हणून जोरात मारलं. शेवटी तो बसला. पण त्याचं तोंड एका बाजूनं चेपलं होतं, काठाला ओठ आला होता. मी कानशीनं तो ओठ घासला. आता जुना शाफ्ट ट्रेमधून काढावाच लागला. त्याचं टोक घालून पाहिलं. ते गेलं, पण घट्ट गेलं. वर्षानुवर्षं वापरून तो शाफ्ट झिजलेला होता, म्हणून गेला, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण ते खरं नाही.

अण्णा आले. क्लच प्लेट चढवताना जुना शाफ्ट मीच धरला, म्हणजे त्याचा घट्टपणा माझ्याच हाताला कळेल. अण्णांनी प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले. मी शाफ्ट पिळून बाहेर काढला. “झालं?” त्यांनी विचारलं. “झालं,” मी म्हणालो. तीन वाजले होते. ते म्हणाले, “मग तू जा आता. गिअर बॉक्स आम्ही दोघं चढवतो. तुझी वेळ झाली.”

मी शर्ट घालून निघालो.

सभागृहात माझा नंबर सहावा होता. मी चांगला बोललो. घामाच्या थेंबाला मोत्याची उपमा दिली. काळे झालेले हात हीच देशाची खरी संपत्ती, असं म्हणताना मी स्वतःचा हात वर केला. तो स्वच्छ होता. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी माझ्या आवाजातल्या तळमळीचा उल्लेख केला. दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस घेताना माझ्या मनात एकच चित्र होतं : त्या चेपलेल्या भोकासमोर गिअर बॉक्सच्या दांड्याचं कोरं, न झिजलेलं टोक.

परत आलो तेव्हा सात वाजले होते. लांबूनच हातदिव्याचा उजेड दिसला आणि मला कळलं. गिअर बॉक्स खाली होती. क्लच पुन्हा उतरवलेला होता. अण्णा पोत्यावर पाय लांब करून बसले होते आणि गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. हेल्पर म्हणाला, “चार डाव वर घेतली. अर्धा इंच बाहेरच राहती. मी म्हणलं बोल्टानं ओढून घेऊ, तर अण्णा ऐकंनात.”

बोल्टानं ओढायचं नाही, हा आमच्या गॅरेजचा पहिला नियम आहे. गिअर बॉक्स हातानं जागेवर बसली पाहिजे. बसत नसेल तर आत काहीतरी चुकलेलं असतं. बोल्ट आवळून ती बसवता येते, आणि गिऱ्हाइकाला काही दिवस कळतही नाही. पण बुश चिरडतो, प्लेट वाकते, आणि मग गाडी घाटात उभी राहते.

अण्णांनी हातदिवा फ्लायव्हीलकडं फिरवला. ते काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, “अण्णा, बुश माझ्याकडून वाकडा बसला.”

“दिसतंय. गोटीचा वण हाय त्याच्यावर.”

“मला तेव्हाच कळलं होतं.”

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चुकतं. मी पण लई बुश खराब केलेत. पर जाताना सांगितलं असतंस तर—” आणि त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. वाक्य पुरं केलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “बक्षीस मिळालं का?”

“दुसरं.”

“चांगलं झालं,” ते म्हणाले. आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मला ते सोपं गेलं असतं.

सकाळी नऊला जीप द्यायची होती. सोलापूरची दुकानं बंद झालेली. दुसरा बुश कुठून आणायचा? अण्णांनी लेथवाल्या चाचांना फोन लावला. चाचांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडं. ते जेवायला बसले होते, तसेच उठून आले. त्यांच्याकडं फॉस्फर ब्रॉन्झच्या कांबीचा एक तुकडा होता. त्यांनी व्हर्नियरनं भोक मोजलं, दांडा मोजला. बाहेरचं माप भोकापेक्षा केसभर जास्त, आणि आतलं माप दांड्यापेक्षा थोडं मोकळं. कारण ठोकून बसवल्यावर बुश आतून आवळला जातो. हा ब्रॉन्झ भरीव, तेल पिणारा नव्हे, म्हणून चाचांनी आतून एक बारीक नागमोडी चर काढली, ग्रीस धरून ठेवायला. लेथवरून सोनेरी किसाच्या कुरळ्या बटा पडत होत्या आणि मी उभा राहून पाहत होतो. कॉलेजात मी ‘अचूकता’ हा शब्द पुष्कळदा वापरला आहे. तो काय असतो ते त्या रात्री पाहिलं. चाचांनी पैसे सांगितले नाहीत. “नंतर बघू” म्हणाले. अण्णांनी जीपवाल्यांकडून दुसऱ्यांदा केलेल्या कामाचा एक पैसा घेतला नाही, आणि चाचांचे पैसे आपल्या खिशातून दिले, हे मला पुढं कळलं.

चेपलेला बुश पुन्हा लगद्यानंच काढला. या वेळी मी पक्का खर्डा दिला. अण्णांनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घेतला.

नवा बुश ठोकायची वेळ आली तेव्हा मला वाटलं अण्णा हातोडी स्वतः घेतील. त्यांनी हातदिवा घेतला आणि म्हणाले, “मार.” मी भोक रॉकेलनं धुतलं, वेस्टनं पुसलं, बोटानं चाचपलं. जुना शाफ्ट पुसून त्याच्या टोकावर बुश चढवला. भोकाच्या तोंडाशी धरला. सरळ आहे का ते वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. हळू मारलं. टक्‌. टक्‌. प्रत्येक घावानंतर थांबून पाहिलं. बुश जात असताना आवाज पोकळ असतो. तळाला टेकला की आवाज बदलतो आणि हातोडी जागच्या जागी थांबते. तो आवाज बदलला. शाफ्ट बाहेर काढला. चरीत अगदी थोडं ग्रीस बोटानं लावलं, जास्तीचं पुसून घेतलं. शाफ्ट पुन्हा घातला. तो बोटाच्या दाबानं आत गेला आणि दोन बोटांनी गरगर फिरला. आता गिअर बॉक्सचा कोरा दांडा काय म्हणतो, तेवढंच राहिलं.

क्लच चढवला. रात्री एकला गिअर बॉक्स वर घेतली. अण्णा खाली, हेल्पर जॅकवर, मी मागून. मागचं टोक जरा हलवलं, दांड्याला दाते सापडले आणि शेवटचा अर्धा इंच ती गिअर बॉक्स आपण होऊन आत गेली. जोर लावावाच लागला नाही. गाडीखालून अण्णांचा आवाज आला, “बसली.”

सकाळी काका झेंडूच्या माळा घेऊन आले. इंजिन चालू करून त्यांनी पॅडल दाबलं, पहिला गिअर टाकला. आवाज आला नाही. गाडी हलली.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. घरी एक वेग आहे, कॉलेजात दुसरा. इथं उपमा आणि अलंकार, तिथं अर्धा इंच आणि केसभर. हे दोन वेग एक होणार नाहीत, आणि ते एक व्हावेत असंही मला आता वाटत नाही. पण दोन्ही एका रेषेत राहायला हवेत, आणि ते धरून ठेवण्याचं काम माझ्याशिवाय दुसरं कोण करणार? त्या शनिवारी मी ते केलं नाही. एका बाजूला घट्ट बसलेलं दिसावं म्हणून मी दुसऱ्या बाजूला गप्प राहिलो.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी काम कमी होतं. अण्णा चहा पिता पिता म्हणाले, “ते बक्षिसाचं भाषण म्हणून दाखव की.” हेल्परनं मोबाइलवरचं गाणं बंद केलं. लिंबाखाली मी उभा राहिलो. पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. घामाच्या मोत्यांपाशी आलो आणि समोर अण्णांचा फडकं बांधलेला गुडघा दिसला. पुढं बोलता येईना.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“विसरलो.”

“मग परत लिही,” ते म्हणाले. “सावकाश लिही. घाई नको.”

हे लिहायला मला एक वर्ष लागलं. अंक छापून आला की गॅरेजमध्ये नेणार आहे. अण्णांना वाचून दाखवायचा आहे. आणि त्यात कुठं काही वाकडं बसलं असेल तर ते त्यांना लगेच कळेल.